निळ्या चौकटीची चिंधी

“गाडी तापली की आधी चालवणारा बघावा, मग इंजिन,” मिस्त्री एकदा डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता. चालवणारा त्याचा सख्खा मेहुणा. बाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला घरी बसवलं. “दाजी, पाणी मी कधी कमी पडू दिलं नाही हो,” तो काकुळतीने सांगत होता. मिस्त्रीने चार माणसांत त्याला उडवून लावलं, “मग काय गाडी खोटं बोलते?”

त्या गोष्टीला तीन महिने झाले. तेव्हापासून बायको ताट वाढायची, पण जेवताना समोर बसायची नाही.

आज बाई स्वतःच ती जुनी गाडी घेऊन आल्या. “पाणी रोज मी बघते, मिस्त्री. काठोकाठ असतं. तरी चढावर काटा लाल रेघेला भिडतोच. आता आधी मला बघा, चालवणारी मीच आहे!”

बाई हसल्या. मिस्त्रीला हसता आलं नाही.

इंजिन तापल्यावर त्याने पाण्याच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला. वरच्याचा चटका बसला, खालचा गार. पाणी फिरतच नव्हतं. इंजिन निवल्यावर त्याने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह, काढून किटलीतल्या उकळत्या पाण्यात सोडला. तो शहाण्यासारखा उघडला. राहिला पंप. तो तर गाडी तापायला लागायच्या आठवडाभर आधी त्यानेच नवा बसवला होता.

तिथे त्याचा हात थबकला.

खालचा पाइप सोडवून त्याने आत बोट घातलं. काहीतरी मऊ लागलं. पकडीने ओढलं तशी गंजाने माखलेली चिंधी येतच राहिली. पुसल्यावर निळी चौकट दिसली. त्याचाच जुना शर्ट, बायकोने फाडून दिलेला. उघड्या पाइपात काही पडू नये म्हणून तो असा बोळा कोंबून ठेवायचा. त्या दिवशी काढायचा राहिला होता.

“काय निघालं? उंदीर?” बाईंनी खुर्चीवरूनच विचारलं.

चिंधी मुठीत मावत होती. गाळ होता म्हटलं असतं तर बाईंना काय कळणार होतं? त्याचे कान मात्र पेटले होते.

त्याने मूठ उघडली. “माझी आहे. पंप बसवताना आत विसरलो. मेहुण्याचा काही दोष नव्हता.”

बाईंचं हसू मावळलं. “आणि मी त्याला काढलं! उद्यापासून येऊ दे त्याला. पण तुम्ही काय सांगणार त्याला?”

मिस्त्रीने पाइप बसवला, क्लिप आवळली, पाणी भरलं. चिंधी पिळून खिशात ठेवली, आणि हातही न धुता मेहुण्याच्या घराच्या दिशेने बाहेर पडला.