पत्रिकेच्या आधी रिपोर्ट

उभ्या नागपुरात लग्न जमवताना मुलाचं शिक्षण, घर, हुद्दा विचारणारे हजारो भेटतील. मुलाचं रक्त विचारणारा माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी बॉयलरचे काटे बघण्यात गेली. निवृत्त होऊन ते मनीषनगरला राहायला आले आणि बघायला काटे उरले नाहीत म्हणून माणसं बघू लागले. बारशाला गेले की बाळाच्या हातावर काही ठेवण्याआधी ते त्याच्या कानाची पाळी तपासतात. एकदा सगळ्या बायका ‘अगदी बापावर गेलाय’ म्हणत असताना यांनी झुलता पाळणा धरून जाहीर केलं, “बापाचं काही नाई याच्यात. कान मामाचा हाय, हनुवटी आजीची.” बाळाचा बाप त्या दिवशी नीट जेवला नाही. चारचौघांत ते कोणालाही जीभ गुंडाळून दाखवायला लावतात. माझी गुंडाळत नाही हे कळल्यापासून माझ्याकडे बघताना त्यांना जराशी कीव येते.

पण हा झाला पोरखेळ. त्यांचा खरा विषय सिकलसेल. आमच्या विदर्भात पुष्कळ घरांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. साडू स्वतः त्याचे वाहक आहेत, आणि हे ते ओळख करून देतानाच सांगून टाकतात. समजावण्याची त्यांची शाळा तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर भरते. बशीतला शेंगदाणा म्हणजे चांगला जीन, तर्रीतला चणा म्हणजे सिकलचा. “परतेकाजवळ दोन दाणे. एक मायकडून आला, एक बापाकडून. शेंगदाण्यासंगं एखादा चणा असला तं माणूस ठणठणीत, फक्त वाहक. पण मायही वाहक, बापही वाहक, अन् लेकराले दोन्हीकडून चणाच भेटला, तं ते जन्मभर दुखण्यात.” असं होण्याची शक्यता दर बाळंतपणाला चारात एक असते, हे दाणे मांडून दाखवेपर्यंत पोहे गार होतात आणि ऐकणाऱ्याला चणा खावासा वाटत नाही.

कुठे लग्नाची बोलणी चालली आहेत असं कानावर आलं की साडू बिनबोलावता हजर. “पत्रिका मंग पाहा. पयले दोघांचे रिपोर्ट काढा.” ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ हे त्या रक्ततपासणीचं नाव ते आपण साबुदाणा म्हणावं इतक्या सहज म्हणतात. एका घरी मुलीच्या बापाने चहासुद्धा न विचारता त्यांना फाटकापर्यंत नेऊन सोडलं. फाटकाबाहेरून यांनी सांगितलंच, “करू नका, असं मी म्हणत नाई. माहीत करून मंग करा.” पुढे पुढे नातेवाईक त्यांच्यापासून साखरपुडे लपवू लागले. मलाही त्यांचा राग यायचा, आणि म्हणणं पटायचं म्हणून जास्तच यायचा.

मग त्यांच्याच लेकीने मुलगा पसंत केला. दोघं एकाच ऑफिसात, मुलगा सालस, दोन्ही घरं खूश. लेक बापासारखीच वाहक, आणि मुलाची तपासणी आजवर कधीच झाली नव्हती. तो आपणहून सदरच्या एका लॅबमध्ये रक्त देऊन आला आणि पावती साडूंच्या हातात ठेवून म्हणाला, “काका, रिपोर्ट तुम्हीच आधी बघा.” त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या लग्नात चारही शक्यता घडाघडा मांडणारा माणूस घरी बशीत पोहे आले की बशी सरकवून द्यायचा. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, “साडभाऊ, गाडी घेऊन ये. रिपोर्ट आणाले जाऊ.”

लॅबच्या दाराशी ते थबकले. “तूच जाय गा अंदर.”

“काहून?”

“मले आज वाचता येणार नाई.” ते बाहेरच्या बाकावर बसले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. “पोट्टीले सांगून बसलो मी. काहीही निघो, तुले करायचं असंन तं कर, मी मधात येत नाई. सांगून तं देलं. तवापासून डोळ्याले डोळा नाई.”

आत जाऊन मी लिफाफा फोडला. मुलगा एए होता. म्हणजे त्याच्याकडे सिकलचा जीनच नव्हता. बाहेर येऊन मी वाचून दाखवलं. “पुन्हा वाच,” ते म्हणाले. मग नाव, वय, तारीख असं सगळं तीनदा वाचून घेतलं, आणि शेजारी साखर तपासायला आलेल्या अनोळखी माणसाचे दोन्ही हात धरून म्हणाले, “आमचा जावई एए हाय.” त्या भल्या माणसाने काही न कळता त्यांचं अभिनंदन केलं. मी भिंतीला टेकून हसलो. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

परतताना गाडीवर मागे बसून ते बोलू लागले. “नातवाले माझा चणा गेला तरी एकच जाईन. एकट्यानं काही होत नाई. साठ वर्षं माझ्यात राहूनच राहिला ना.” मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, “मले एक भाऊ होता. दोन वर्षांनं लहान.” हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “हातपाय दुखते म्हणून रडे, माय रोज तेल चोळे. तवा या दुखण्याचं नावही कोणाले माहीत नव्हतं. मायबाप तेच गा. मले चणा एकाकडूनच भेटला, त्याले दोघांकडून. नाई तं पोट्टीच्या मांडवात तिचा काका राह्यला असता.”