शनिवारची ‘मस्त’ मंडळी

आमच्या नणंदबाईंना सगळे मशीनताई म्हणतात. लेथवर हात बसलेला, बोलणं मात्र जेवढ्यास तेवढं. स्वतःची यंत्रं बनवून धंदा करू पाहणाऱ्या नव्या लोकांना त्या दर शनिवारी आपल्या शेडमध्ये जमवायच्या. एकमेकांच्या अडचणी सुटाव्यात, एवढाच हेतू. चहा अर्थातच माझ्या गळ्यात.

अडचणी कसल्या सुटतात डोंबलाच्या! पंपवाली, लिफ्टवाला, कापणी यंत्रवाला, जो येईल तो बढाया मारून जायचा. "काय म्हणतंय काम?" "मस्त!" माझं डोकंच फिरायचं. "ताई, एवढं मस्त आहे तर इथे कशाला तडमडतात हे?" मी विचारायचे. त्या नुसत्या हसायच्या.

त्या शनिवारी पंपवाली आली ती डोळे सुजवूनच. "मस्त," म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. जो तो स्वतःच्या चपलांकडे बघत बसला.

ताईंनी फडक्याला हात पुसले. "माझी व्हॉल्व्हची कंपनी होती. माल परत यायला लागला, तर मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी कुलूप लावलं. घरी सांगितलं, कंटाळा आला."

मी किटली हातात धरून तशीच उभी राहिले. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पंपवालीला रडू कोसळलं. "माझे तेलाचे सगळे पंप परत आलेत. गळतायत. बाहेर टेम्पोत भरलेत, भंगारात द्यायला. आज शेवटचं भेटून बंदच करणार होते."

लिफ्टवाल्यानं टेम्पोतला एक पंप आणून खोलला. "अहो, हे रबर तेलात फुगतं. माझ्या लिफ्टही तेलावरच चालतात, ह्यानंच अडकल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?" पंपवालीनं विचारलं.

"लाज वाटली हो."

त्यानं तिथूनच आपल्या रबरवाल्याला फोन लावला. कापणी यंत्रवाला पाने-पक्कड घेऊन खाली बसला. बघता बघता सगळे पंप खोलायला लागले, आणि पंपवाली नाक पुसत त्यांना कुठला नट कुठे ते सांगू लागली.

मी मागे कपबशा विसळत होते. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझा राग काही आवरेना. "एका घरात राहतो आपण. मला तरी सांगायचं होतंत!"

"सांगणार होते गं," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा तुला दिवस गेले होते. घरात सगळे किती खुशीत होते."