गेट ऑन सोमवारी

इंग्रजी भाषेतल्या लहान शब्दांची काळजी माझ्या साडभाऊंइतकी जगात दुसऱ्या कुणी वाहिली असेल, असं मला वाटत नाही. खुद्द इंग्रजांनी तर नाहीच नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, यजमान. सिंदेवाहीला राहतात. सारी हयात धानाच्या शेतावर नोकरी करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवाधर्माला लागतात तसे हे इंग्रजी क्रियापदांना लागले. मोठमोठ्या शब्दांचं त्यांना काडीचं कौतुक नाही. कुणी लांबलचक इंग्रजी शब्द तोंडावर फेकला, तर ते शेजारच्या लग्नातला बँड ऐकावा तसा ऐकून घेतात आणि विसरतात. त्यांचा जीव 'ॲट', 'फॉर', 'टू', 'ऑन' या चिल्ल्यापिल्ल्यांवर. "भाऊ," ते मला सांगतात, "क्रियापद मंजे घरून निंगालेला मानूस. कुठी चालला, कोनासाठी चालला, थे हे लहान शब्द सांगते. त्याइले सोडलं का मानूस चौकातच उभा रायते." त्यांच्याकडे शिकायला येतात त्या बहुतेक गल्लीतल्या लेकीसुना, आणि सुट्टीला गेलो की मी.

त्यांच्या शाळेत फळा नाही, पुस्तक नाही. जे शिकायचं ते अंगानं करायचं, एवढी एकच अट. एकदा मला चंद्रपूरला तातडीचं काम होतं. साडभाऊ म्हणाले, चला, आम्हीही स्टँडवरच चाललो. तिथं त्यांनी मला आणि चार बायांना एका रांगेत उभं केलं आणि 'वेट फॉर द बस' म्हणायला लावलं. बस आली. मी पुढं झालो, तशी त्यांनी माझी बाही धरली. "थांबा न भाऊ! आज फकस्त वेट फॉर. गेट ऑन सोमवारी घेनार आहो." कंडक्टरनं आमच्याकडे दोनदा पाहिलं, घंटी मारली आणि बस निघून गेली. चार बाया खूश, साडभाऊ खूश; चंद्रपूरला माझी वाट पाहणारा माणूस तेवढा नव्हता. 'लुक फॉर' शिकवायचं त्या दिवशी त्यांनी पहाटेच अक्काची बकरी सोडून दिली, आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली 'लुकिंग फॉर, लुकिंग फॉर' करत ओढ्याकाठानं हिंडत होती. अक्का दारात उभी राहून साऱ्या जगाला सांगत होती, "या मानसाले कामधंदा नाई, म्हून माह्या बकऱ्या सोडून रायला!" बकरी सापडली ती त्यांच्याच न्हाणीघरात. मग अक्कानं त्यांना 'लुक आफ्टर' दिला, म्हणजे दावं हातात देऊन संध्याकाळपर्यंत बकरीमागे फिरवलं. हा धडा फार पक्का झाला, असं ते अजून सांगतात.

'लिसन टू'चा वर्ग मात्र तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, भरायचा. बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं, आणि मग काय काय ऐकलं ते एकेक करून सांगायचं. आम्हाला वारा ऐकू यायचा, फार तर बगळा. शेजारच्या घरची मंगला मात्र पाण्यातला 'डुबुक' ऐकून म्हणायची, "काकाजी, हे मरळ होय. आन थे तिकडं बेंडूक." ती ढिवराची, मासेमाराची लेक, बापाबरोबर डोंग्यात बसून लहानाची मोठी झालेली. साडभाऊंनी त्या दिवशी तिच्याकडे जसं पाहिलं, तसं मी त्यांना फक्त निसवलेल्या, लोंब्या आलेल्या धानाकडे पाहताना पाहिलं आहे.

ही मंगला मोहर्लीला दिलेली. तिथं जंगलात पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या गाइडची निवड व्हायची होती, आणि तिला गाइड व्हायचं होतं. जंगल तिला तळहातासारखं ठाऊक. पण आदल्या खेपेला परदेशी पाहुणा समोर आला आणि हिच्या तोंडून शब्द फुटला नाही. सासूनं बजावलं होतं, यंदा एकदा जाऊन ये, नाही जमलं तर हे खूळ सोड आणि मजुरीला लाग. महिनाभरासाठी ती माहेरी आली ती साडभाऊंच्या ओसरीवर जाऊन बसायलाच. "काकाजी, मले जंगलातच काम करायचं हाये," ती म्हणाली, "पन जीभ उचलत नाई." साडभाऊंनी तिला धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. म्हणाले, "ऊठ. स्टँड अप."

तीन आठवडे झकास गेले. तेव्हा मी सुट्टीला तिथंच होतो. एका संध्याकाळी साडभाऊ पांढरेफटक होऊन माझ्याकडे आले. घडलं होतं असं, की मंगला त्यांच्या स्कूटरवर मागे बसली होती, उजळणी चालली होती, आणि ती 'गेट ऑफ' म्हणाली आणि चालत्या स्कूटरवरून खाली उतरली! गुडघा खरचटला, ते सोडा. पण तोंडाबरोबर अंग चालायलाच हवं, हे आपणच तिच्या हाडात मुरवलं आहे, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. "भाऊ, जंगलात गाडीतून खाली पाय ठेवाची मनाई हाय," ते म्हणाले. "कोना पाहुन्याले ही 'डोन्ट गेट ऑफ' म्हनन, आन सोताच उतरन! समोर वाघ असला तं?" मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

पुढचे आठ दिवस अंगणातली बाज ही पाहुण्यांना जंगलात नेणारी उघडी जिप्सी गाडी झाली. साडभाऊ टोपी घालून परदेशी पाहुणे. पलीकडे सुपात तांदूळ निवडत बसलेली अक्का ही वाघीण. पाहुण्यानं शंभर निमित्तं काढून बाजेवरून उतरू पाहायचं, आणि मंगलानं बसल्या जागेवरून त्याला अडवायचं. "डोन्ट गेट ऑफ. सिट विथ मी." पहिल्या दिवशी ती प्रत्येक वेळी आधी उतरायची आणि मग सांगायची. साडभाऊ दिवसातून साठ वेळा मरायचे. "खाल्लं मले वाघानं," असं म्हणून जमिनीवर आडवे व्हायचे, आणि वाघीण म्हणायची, "उठा, चा प्या." शेवटच्या दिवशी मंगला बाजेवर दगडासारखी बसली आणि पाहुण्याला तिनं मनगट धरून बसवलं. त्या दिवशी साडभाऊ एकदाही मेले नाहीत.

निवडीच्या दिवशी मीच दोघांना गाडीनं मोहर्लीला नेलं. मंगला आत गेली, आणि आम्ही फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तीन तास बसलो. साडभाऊंनी चार चहा मागवले आणि एकही प्यायला नाही. जिप्सी बाहेर आली तेव्हा मंगलाचा चेहरा असा होता, की विचारायची गरजच उरली नाही. नंतर कळलं, वाटेत गाडीतल्या परदेशी पाहुण्या बाईंचा स्कार्फ वाऱ्यानं उडाला, त्यांनी एक पाय बाहेर टाकला, आणि हिनं बसल्या जागेवरून त्यांचं मनगट धरलं. जे बोलायचं ते बोलली, आणि उतरली नाही. सायंकाळी यादीत तिचं नाव होतं.

पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडली. त्या पाहुण्या बाई, चांगल्या सत्तरीच्या असतील, मंगलाचा हात धरून थेट आमच्या टपरीपाशी आल्या, आणि साडभाऊंशी इंग्रजीत बोलू लागल्या. सावकाश, सोपं, मलाही कळेल असं. तुम्ही हिला कसं शिकवलं, असं विचारत होत्या. साडभाऊ उभे राहिले. ओठ हलले. पुन्हा हलले. मग त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. मंगलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या वतीनं तीच बोलली. बकरीबद्दल, तलावाबद्दल, बाजेबद्दल. बाई पोट धरून हसत होत्या, आणि साडभाऊ जमिनीकडे पाहत होते.

मंगला मोहर्लीलाच राहिली. आम्ही दोघं परत येताना मूल गाव मागे पडलं. तेव्हा साडभाऊ म्हणाले, "मले बोलता येत नाई, भाऊ. परक्या मानसापुढं नाईच येत. नोकरीत असताना एक सायेब आला होता, बाहेरच्या देशातला. माह्याच बांधीत उभा राहून मले धानाचं विचारून रायला होता. मले सारं ठाऊक होतं. हात जोडून उभा रायलो." इतकी वर्षं मी या माणसाच्या गमती चवीनं सांगत आलो, पण त्यांनी इंग्रजीत परक्याशी एक अख्खं वाक्य बोललेलं आपण कधी ऐकलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आता मंगला सुट्टीच्या दिवशी सिंदेवाहीला येते आणि त्यांना शिकवते. अडचण एकच आहे: सरावाला परका माणूस लागतो, आणि तो त्या घरात सापडत नाही. पोस्टमन आणून बसवला, तर साडभाऊंनी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. वरोऱ्याहून आलेला बी-बियाण्याचा एजंट अर्ध्या तासात अक्काचा मानलेला भाऊ होऊन गेला. मागच्या महिन्यात मंगलानं मला बसवलं. "भाऊजी, तुमी ओळख दाखवू नका, अजिबात हसू नका," म्हणाली. मी खुर्चीत ताठ बसलो. साडभाऊ समोर येऊन उभे राहिले, दोन्ही हात मांडीला चिकटवून. ओठ हलले. अक्कानं सूप खाली ठेवलं. बराच वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, "भाऊ, जेवले का?"

मी घरून पोटभर जेवून निघालो होतो. "नाई," म्हणालो.