कागदामागचं नाव

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्यातलं वनस्पतिशास्त्र शिकवणं सोडून सिंगापूरला आले. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये पहिलं वर्ष कसंबसं काढलं. मग एका संग्रहालयातल्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घटपर्णीचं चित्र पाहिलं. त्यात कळीवरची लवसुद्धा दिसत होती. खाली चित्रकाराच्या जागी लिहिलं होतं, 'एका अधिकाऱ्याची पत्नी'.

मला राग आला. दर शनिवारी एमआरटी मेट्रोनं मी त्या संग्रहालयाच्या वाचनालयात जाऊ लागले.

"तिचं नाव कुठंच नाही. नवऱ्याची पत्रं आहेत, ती बघा," तिथल्या बाई म्हणाल्या.

पत्रांत हवा होती, ताप होता, बायकोबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हा मी त्या काळातल्या, संग्रहालयात जपलेल्या सगळ्या निनावी चित्रांच्या मागच्या बाजू बघायला मागितल्या. जुने कागद फाटतील म्हणून बाई सहा आठवडे नाही म्हणत राहिल्या. सातव्या शनिवारी त्यांनीच हातमोजे घातले आणि एकेक कागद उलटू लागल्या.

अकराव्या कागदावर रानआल्याचं फूल होतं. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, की फूल दुपारीच कोमेजतं, म्हणून तीन सकाळी बसून चित्र पुरं केलं. त्याखाली तिचं पूर्ण नाव. घटपर्णीच्या चित्रावरच्या टिपांचं अक्षरही तेच निघालं. बाईंनी माझ्यासमोरच कॉम्प्युटरवरची नोंद बदलली.

घरी लेकीला सांगितलं, तर ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "देन यू कॅन रेस्ट, लाह."

"अजून चाळीस कागद उलटायचे आहेत," मी म्हटलं.