‘मालकाचे नाव’ हा रकाना आणि आमचे अण्णा

त्या रविवारी सकाळी मी देवपूजा आटोपली, कपाळावरचे गंध न पुसता आमच्या कोन गावाहून बस धरली आणि नवीन पनवेलला गेलो तो भांडायला. वसंतराव घरत, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांच्याशी माझी पहिली ओळख ही अशी झाली. पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये हे मला कळते. पण अण्णांबद्दल खरे लिहायचे तर वैतागापासूनच सुरुवात करावी लागते.

कारण असे होते. माझी पत्नी सुनंदा गावातल्या आठ बायकांबरोबर दोन महिने नवीन पनवेलला जात होती. तिथल्या एका शिकलेल्या मुलीला आपल्याकडचा आगरी मसाला पाकिटात भरून विकायचा होता. तिला पाकीट आणि बाजार कळत होता, प्रमाण आणि भाजणी या नऊजणींना. मी विचारले, “मिळतं काय तुम्हाला?” सुनंदा म्हणाली, “वाटा.” “हातात काय?” “हातात अजून काय नाय.” ही गाठ अण्णांच्या संकेतस्थळाने घालून दिली होती. कल्पना असलेल्यांनी तिथे कल्पना मांडायची, कौशल्य असलेल्यांनी सामील व्हायचे, आणि मोबदला म्हणून पगाराऐवजी त्या उद्योगाच्या मालकीत वाटा घ्यायचा. मला ही शुद्ध फसवणूक वाटली.

अण्णांनी माझे भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “तुमचं मराठी चांगलं आहे हो. कुठल्या शाळेत होता?” मी म्हणालो, जिल्हा परिषदेच्या. “मग बसा. आमचा फॉर्म तपासून द्या. बायकांना तो समजत नाहीये.” दुपारी दोन वाजता मी तिथून निघालो तेव्हा ज्या माणसाशी भांडायला गेलो होतो त्याचे काम पिशवीतून घरी नेत होतो. अण्णांच्या परिवारात प्रत्येकजण असाच कधीतरी सापडला आहे.

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. संकेतस्थळाचे तांत्रिक काम त्यांच्या सूनबाई पाहतात. बाकी सगळे, म्हणजे माणसांना छळण्याचे काम, अण्णा स्वतः करतात. सामील होणाऱ्या प्रत्येकाला ते करार फोनवर मोठ्याने वाचून दाखवतात. समोरचा तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टवर असला तरी. मी तिथे ड्रम मोजत उभा असताना कलम सातचा अर्थ मला तीनदा विचारला गेला आहे. “समजलं ना?” “समजलं, अण्णा.” “मग सांगा बघू तुमच्या शब्दांत.” एकदा एका गृहस्थांनी येऊन एक योजना कशी चालणार नाही हे तासभर सुनावले. ते गेल्यावर अण्णांनी त्या योजनेत त्यांनाच छोटा वाटा देऊ केला. मी चिडून विचारले, हे काय? “त्यांनी आपले सहा महिने वाचवले. ते काम नव्हे का?”

आता फॉर्मची गोष्ट. त्यात ‘भागधारकाचे नाव’ असा रकाना होता. बायका विचारत होत्या, भागधारक म्हणजे काय? मी तो शब्द खोडून ‘मालकाचे नाव’ असे लिहिले, आणि खाली ‘मालकाचा मोबाइल’. सोपे, घरगुती मराठी. अण्णांना शब्द फार आवडला. महिन्याभराने सूनबाईंनी मसाल्याच्या उद्योगाची यादी काढली तर नऊच्या नऊ नावे पुरुषांची. अण्णांनी सुनंदाला विचारले, “तुमचं नाव कुठाय?” ती म्हणाली, “तुमीच मालकाचं नाव विचारलंव ना? मंग ह्यांचं घातलं.”

आमच्याकडे कुठल्याही बाईला मालकाचे नाव विचारले तर ती दुसरे कोणाचे सांगणार? हे मला सुचायला हवे होते. माझी आई जन्मभर माझ्या वडिलांना ‘आमचे मालक’ म्हणत आली.

बैठकीत या चुकीचा विषय निघाला तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. अण्णा उभे राहून म्हणाले, “तो शब्द मी पास केला. चूक माझी आहे.” पुढचे काही त्यांनी कोणाला बोलू दिले नाही. त्यांची माझ्यावरची ही मोठी कृपा. आणि तिथूनच माझ्या रविवारांचे वाटोळे झाले.

सूनबाई म्हणाल्या, नावे बदलणे दहा मिनिटांचे काम आहे. अण्णा म्हणाले, “नाही. मालकाला विचारल्याशिवाय मालकी हलवायची नाही. चुकून मिळालेली असली तरी.” प्रत्येक नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने एक वाक्य वाचून सही करायची, असे ठरले. ‘हा वाटा माझ्या नावावर चुकून आला आहे, काम पत्नीचे आहे, तो मी तिच्या नावे करत आहे.’ त्यासाठी गुडघे दुखत असताना अण्णा दर रविवारी कोनला येऊ लागले आणि मी त्यांना दारोदार नेऊ लागलो.

बाळाराम भोईर हा सगळ्यांत कठीण निघाला. ओट्यावर बसून म्हणाला, “अण्णा, या घरान मालक कोन? मी. मंग तिनं बराबरच लिवलंय!”

अण्णांनी शांतपणे विचारले, “बाळाराम, पाच किलो मिरचीला धणे किती?”

“मना काय माइती!”

आतून त्याची बायको म्हणाली, “त्यांना घरान साकर कुठं ठेवलीय ती माइती नाय, धणे काय इचारताव!”

ओट्यावरची माणसे हसली, पण बाळारामने सही केली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला मी वैतागून त्याला ऐकवले, “अरे, बायकोच्या घामावर नाव लावायला लाज नाय वाटत?” त्याने वाक्य अडखळत वाचले आणि सही केली. मग पेन परत देताना म्हणाला, “भावजी, तुमचं झालं असेल ना कवाच?”

झाले नव्हते. नऊ नवऱ्यांपैकी एक मी होतो आणि माझ्या नावावरचा सुनंदाचा वाटा तसाच होता. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी चहा घेतला आणि बाळारामच्या गुरांची चौकशी केली.

त्या संध्याकाळी सुनंदा भाकऱ्या थापताना म्हणाली, “बाळारामला लय बोललाव म्हणं. आमच्या घरचे मालक अण्णांना कवा गाठ पडायचे?”

मी म्हणालो, “अगं, आपण सगळे निमित्तमात्र. खरा मालक वर बसलाय.”

“त्याचं नाव नाय टाकलं मी फॉर्मवं. तुमचं टाकलंय.”

माझी भक्ती साधी आहे. पण त्या दिवशी मी देवाला आडोशासारखे वापरले हे मला कळले. खरी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पंचवीस वर्षे मी कारखान्यात टोकन नंबराने ओळखला जातो. एके दिवशी फोनवर संदेश आला, ‘अभिनंदन! आपण या उद्योगाचे मालक झाला आहात.’ मी तो शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दाखवला होता. एकदा नव्हे, दोनदा. तो मालकपणा मला सोडवत नव्हता.

तेवढ्यात उद्योगात एक प्रश्न उभा राहिला. मसाला हाताने भाजायचा की यंत्रावर? निर्णय मालकांच्या मतांनी होणार होता. आठजणींनी आपापल्या फोनवरून मत दिले. नववा संदेश माझ्या फोनवर आला. ज्या बाईच्या नाकाला भाजणीचा क्षण कळतो तिला मत नव्हते, आणि मला होते. तो आठवडाभर मी अण्णांच्या फोनची वाट पाहिली. कलम सातसाठी तीनदा फोन करणारा माणूस एकदाही बोलला नाही! त्यांच्या सगळ्या फोनांनी मिळून मला जेवढे छळले नसेल तेवढे त्या गप्प बसण्याने छळले. शेवटी उमगले, की जे बाळारामला विचारायचे ते त्यांनी विचारले होते. माझ्यासाठी मात्र स्वतःहून येण्याची संधी ठेवली होती.

अण्णा, परमेश्वर आपल्याला शंभर वर्षे देवो, गुडघे मात्र जरा लवकर बरे करो. आपला आवाज असाच खणखणीत राहो आणि करार वाचून दाखवायला आपल्याला रोज नवी माणसे मिळोत. जुन्यांना थोडी विश्रांती मिळेल.

हा लेख उशिरा दिल्याबद्दल संपादकांची क्षमा मागतो. एक काम झाल्याशिवाय अण्णांविषयी ओळही लिहायची नाही असे ठरवले होते. गेल्या गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर सुनंदाला घेऊन अण्णांच्या घरी गेलो. ते वाक्य तिच्यासमोर मोठ्याने वाचले आणि सही केली. अण्णांनी चष्मा लावून कागद पाहिला, तारखेतला एक आकडा नीट वाचता येत नाही म्हणून तो पुन्हा काढायला लावला, आणि मग कागद सुनंदाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिने यंत्राच्या प्रश्नावर आपले मत नोंदवले. काय नोंदवले, ते मी विचारलेले नाही.