जावेच्या हातातलं मशीन

माझ्या धाकट्या जावेवर मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. या वयात लपवून काय करायचं?

उदगीरकडच्या आमच्या गावात फांदी तोडायची म्हटलं की हाक मला यायची. डाव्या हातानं फांदी धरायची, उजव्या हातानं कोयता. दोन घावांत फांदी खाली. शेळ्यांना पाला, चुलीला सरपण, कुणाच्या पत्र्यावर वाकलेली बाभूळ, सगळं माझ्याकडं. गडीमाणसं बघत राहायची. माझी स्वतःची कमावलेली इज्जत म्हणाल तर तेवढीच.

मग आमच्या बचत गटानं झाडं कापायचं मशीन घेतलं, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. ते शिकायला एका बाईला दोन दिवस लातूरला पाठवायचं होतं. मला वाटलं, दुसरं कोण जाणार? तर बायका म्हणाल्या, "धाकटीला पाठवा, ती दहावी झालीय." मी शाळेची पायरी न चढता घरीच लिहायला-वाचायला शिकले, ते कुणी धरतच नाही. "हाव, जाऊ द्या की," म्हणाले, आणि घरी येऊन भाकरी अशा बडवल्या की शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

धाकटी परत आली ती डोक्यावर जाळीचं हेल्मेट, हातात मोजे आणि अंगात आमच्या दिराची पँट घालून. मी खूश झाले, म्हटलं, आता गाव हसतंय हिला. गाव हसलं, एक दिवस. दुसऱ्या दिवशी लोक माझ्या दारावरून पुढं जाऊन तिच्या दारात विचारायला लागले, "मशीनवाली हाय का घरी?"

मी ओट्यावर बसून तिचं सगळं बघायचे. साखळीला तेल कसं घालती, ती ढिली झाली का कशी तपासती, मशीन भुईवर टेकवून, मशीनच्या मागच्या मुठीत पाय अडकवून सुरू करायची दोरी कशी ओढती. जळणाऱ्या माणसाला लई बारीक दिसतं. निदान मला तसं वाटायचं.

अवकाळी पावसाच्या वाऱ्यात म्हशीच्या कोठ्यामागची बाभळीची मोठी फांदी अर्धी मोडून लोंबायला लागली. धाकटी झाडाभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "अक्का, उद्या दुपारी करू. हिला ताण हाय. आधी खालून थोडी कापायची, मग वरून. म्हस सोडू, मागं सरकायला वाट मोकळी करू. आन् संगं दुसरं माणूस पाहिजे, एकटीनं करायचं न्हाई."

"लग्न हाय का फांदीचं, एवढी तयारी करायलीस?"

"लग्नापरीस जास्त बघावं लागतंय, अक्का," ती हसली. ते हसणं मला रात्रभर टोचलं.

सकाळी ती डेअरीवर दूध घालायला गेली आणि मी तिच्या पडवीतून मशीन उचललं. तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. काय सांगू, असं वाटलं की गाव परत माझ्या दारात आलं. मोठीच्या आधी कमरेएवढ्या उंचीवरची एक बारकी फांदी घ्यावी म्हटलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या डाव्या हातानं मशीन सोडून फांदी धरली. चालतं मशीन एकट्या उजव्या हातात! पात्याचं टोक मागच्या खोडाला लागलं मात्र, मशीन उसळून माझ्याच अंगावर आलं. कानाजवळून गेलं. पदराचा कोपरा फाटून गेला. ब्रेक आपोआप लागला म्हणून साखळी थांबली.

धाकटी किटली टाकून पळत आली. आधी मशीन बंद केलं. मग म्हणाली, "हात दाखवा." बाळंतिणीजवळच्या लेकराची मोजावीत तशी तिनं माझी दहाही बोटं मोजली.

"कोयत्यावानी धरलं ना, अक्का?"

"हाव."

"मी बी लातूरला पहिल्या दिवशी असंच केलं. मग शिकवणाऱ्यांनी बंद मशीन दोन्ही हातांत देऊन अर्धा दिवस नुसतं उभं केलं मला."

दुपारी म्हस सोडली, वाट झाडून घेतली. मला तिनं लांब उभं केलं. "मशीनच्या आवाजात तुमचं ऐकू येत न्हाई. फांदी हालली की दोन्ही हात वर करा." बाभूळ मला तिच्यापेक्षा जास्त कळते. सालीवर चीर सरकली तशी मी हात वर केले. ती झटकन मागं सरली आणि फांदी ती उभी होती तिथंच आदळली.

सकाळची फजिती तिनं दिरालासुद्धा सांगितली नाही. मी असते तर दिवे लागायच्या आत गावभर केली असती. त्याचंही मला वाईटच वाटलं, म्हणजे चांगुलपणातही ही पुढं!

आता कुणी बोलवायला आलं की ती म्हणते, "अक्का येत असतील तर येते." मी जाते, फांदीवर नजर ठेवते. काम झाल्यावर घरची बाई चहा आणते आणि पहिला कप धाकटीला देते. दर वेळी देते. मीही दर वेळी बघते.