लाईन कधी येणार?

परंडा तालुक्यातल्या अकरा गावांच्या विजेच्या तारा सांभाळणाऱ्या हनीफचा जीव एका इंग्रजी शब्दानं नकोसा केला होता. लाईन! वीज गेली की लाईन गेली. रेशनच्या दुकानापुढं उभं राहिलं की लाईन. उसातली ठिबकची नळीही लाईन. एखादं कार्टं स्टँडवर पोरींकडं बघत उभं असलं, की तेही लाईनच मारतंय. बायको सकिनाबी चिडली की म्हणायची, "तुमची लाईनच वंगाळ. सणाला बी घरात पाय टिकत न्हाय." साहेबाच्या भाषेत दुसरे शब्द नव्हते काय?

आणि ते फोन! हातात शिरखुर्म्याची वाटी असो, नाहीतर सोयऱ्याची मयत असो. "हनीफभाई, लाईन कधी येणार?" जेवलात का, बरे आहात का, एक अक्षर नाही. सत्तावीस वर्षं हेच.

त्यात आता घरातच नवं लचांड उभं राहिलं होतं. थोरल्या लेकीनं, सिमरननं, आयटीआय केलं, गुपचूप अर्ज भरला आणि वीज कंपनीचं नेमणुकीचं पत्रच आलं. सोमवारी हजर व्हायची शेवटची तारीख. हनीफ भडकला. "ही लाईन माझ्यासंगं संपली. या घरातलं कुणी खांबावर चढणार न्हाय!" पत्र त्यानं घडी घालून आपल्या हत्यारांच्या पिशवीत कोंबलं. अब्बानं हो म्हटल्याशिवाय सिमरन जाणार नव्हती, आणि तो हो म्हणत नव्हता.

खरं कारण त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. त्याचा जोडीदार गौरीशंकर खांबावर असताना खालून कुणीतरी घाईनं स्विच चढवला होता, आणि गौरीशंकर तारेलाच चिकटून गेला होता. तेव्हापासून हनीफ नुसता स्विच पाडून थांबत नसे. डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढायचा, पिशवीत टाकायचा आणि पिशवी खांद्याला लावूनच वर चढायचा. गावं हसायची. "हनीफभाई फ्यूज घरी नेऊन तळून खातेत," म्हणायची. हसोत.

शनिवारी रणधीरच्या उसाजवळ तार तुटली होती. हनीफ खांबावर होता. ती जोडून झाली, शेवटचा पीळ देत होता, तोच मागं डीपीनं गुंऽऽ असा आवाज धरला. त्यानं तारेवरचा हात झटकला आणि खांबाला मिठी मारली. खाली रणधीर स्विचचा दांडा वर ढकलून निवांत उभा.

"किती येळ झाला, म्हटलं बघावं आली का लाईन," रणधीर म्हणाला. "पण आली न्हाय वो."

हनीफ उतरला, दांडा खाली पाडला. फ्यूज न बसवता त्यानं गाडीला किक मारली आणि तसाच घरी आला.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. सकिनाबी रडत होती. शेजारचा अजहर धावत आला आणि त्यानं विचारलं, "मग, लाईन आली का तिकडची?" हनीफनं कपाळावर हात मारला. खिशात फोन वाजला. रणधीरच. त्याचंही तेच.

सिमरन पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली.

"अब्बा, फ्यूज तुमच्यापाशी होते ना?"

हनीफ तिच्याकडं बघतच राहिला. सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पिशवीत हात घालून त्यानं तिन्ही फ्यूज काढून ओट्यावर मांडले. मग काजळीचे डाग पडलेलं ते पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"सोमवारी साताला निघायचं," तो खेकसला. "आन् पिशवी सोताची घे. माझी मागायची न्हाय."